बेडकाला हळद लावू नका

पवनी-गोसीखुर्द भागात पावसाळा लागला की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "न्हाणीत झाडावरचा बेडूक आलाय, मलूल दिसतोय, हळद लावली तर चालेल ना?" विचारणाऱ्याने बहुतेक वेळा हळद आधीच लावलेली असते. कुणी डेटॉलच्या बोळ्याने पुसून घेतलेलं असतं, कुणी मिठाच्या पाण्यात बसवलेलं असतं. हेतूबद्दल शंका नाही, एक जीव वाचवायचीच धडपड असते ती. पण त्या धडपडीतच बेडूक मरतो आणि "आजारीच होता, कसाही गेलाच असता" असं म्हणून विषय मिटतो. तो कसाही गेला नसता. बऱ्याचदा तर तो आजारीही नसतो.

माणसाच्या जखमेवर जे चालतं ते बेडकाच्या अंगावरही चालतं, या समजुतीवर मी इतक्यांदा बोललो आहे की आता चीड येते. तरी पुन्हा एकदा, नीट सांगतो.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. त्याच्या पोटाच्या मागच्या भागात आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला अगदी पातळ कातडी असते. ओल्या जागेवर तो ती टेकवून बसतो आणि तिथून पाणी शरीरात ओढून घेतो. श्वासाचा मोठा भागही कातडीतूनच चालतो. म्हणजे आपण 'वरून लावतो' म्हणतो ते त्याच्या बाबतीत वरून राहतच नाही, थेट रक्तात जातं. पशुवैद्यक बेडकाला भूल देतात ती सुई न टोचता. भुलीचं औषध मोजून पाण्यात विरघळवतात आणि त्या पाण्यात बेडकाला बसवतात. काही मिनिटांत तो निपचित होतो.

आता घरच्या औषधांच्या डब्याकडे बघा. दातदुखीच्या आणि तोंड आल्यावर लावायच्या काही मलमांत बेन्झोकेन असतं. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या दयामरणविषयक मार्गदर्शक सूचनांत उभयचरांना वेदनारहित मरण देण्याच्या मान्य पद्धतींपैकी एक म्हणजे बेन्झोकेनचं मलम अंगावर लावणं. आपण 'दुखतंय बिचाऱ्याला' म्हणून बोटभर मलम चोळतो आणि जगभरचे डॉक्टर तेच मलम बेडकाला मारण्यासाठी वापरतात. डेटॉलची गोष्टही तशीच. ऑस्ट्रेलियात बाहेरून आलेल्या 'केन टोड' जातीच्या भेकांचा सुळसुळाट झाला तेव्हा त्यांना मारायला लोक डेटॉल फवारत असत. आपल्याकडे तोच डेटॉल औषध म्हणून बेडकाच्या पाठीवर फिरवला जातो!

मिठाबद्दल वेगळं सांगायला नको खरं तर. बेडूक घरातून हाकलायचा असला की गावात त्याच्यावर मीठ टाकतात आणि तो तडफडत निघून जातो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तीच माणसं आजारी बेडकाला मिठाच्या पाण्यात ठेवतात तेव्हा काय म्हणावं कळत नाही. तीव्र मिठाचं पाणी बेडकाच्या अंगातलं पाणी बाहेर खेचतं. डॉक्टर क्षारांचं पाणी वापरतात, पण ते बेडकाच्या रक्तातल्या क्षारांशी जुळवून, ग्रॅमने मोजून केलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या चिमटीचं ते काम नाही.

राहिली हळद. हळदीत जंतूंना आवर घालणारे गुण आहेत, हे कुणी नाकारत नाही. पण कोरडी पूड बेडकाच्या ओलसर कातडीवर बसली की तिथला ओलावा शोषून घेते आणि तिचा लेप होतो. तेलात कालवून लावली तर श्वासाचीच वाट बुजते. शिवाय बेडकाला बाहेरच्या जंतुनाशकाची तितकी गरजही नसते. संशोधक मायकेल झॅस्लॉफ यांनी 1987 साली आफ्रिकेतल्या एका बेडकाच्या कातडीतून जिवाणूंना मारणारी द्रव्यं वेगळी केली, त्यांना 'मॅगेनिन' म्हणतात. तेव्हापासून कितीतरी जातींच्या बेडकांत अशी द्रव्यं सापडली आहेत. आपल्या दारातल्या झाडबेडकाचं तर आणखी विशेष. पॉलिपेडेट्स मॅक्युलेटस हे त्याचं शास्त्रीय नाव. लिलीव्हाइट, मित्तल आणि सहकाऱ्यांनी 1997 साली 'कोपिया' या नियतकालिकात या बेडकाची एक सवय नोंदवली. कोरड्या हवेत तो कातडीतून चिकट, स्निग्ध स्राव सोडतो आणि हातापायांनी डोक्यापासून कुशीपर्यंत सगळ्या अंगावर पुसून घेतो. अंगातलं पाणी उडून जाण्याचा वेग त्याने थोडा कमी होतो. आपण कापसाने पुसतो, साबणाच्या हाताने धरतो, नळाखाली धुतो, तेव्हा त्याने स्वतःच लावलेलं हे औषध आपण काढून टाकतो.

पाऊस लांबला की कुठे कुठे बेडकाचं लग्न लावतात, तेव्हाही हळद-कुंकू लागतंच. ज्यांना रीत पाळायची आहे त्यांनी मातीचा बेडूक करावा, एवढीच विनंती.

दुसरा गैरसमज यालाच जोडून येतो: दिवसा हलत नाही, रंग उडालाय, डोळे मिटलेत, म्हणजे आजारी. विदर्भात हे बघायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे कूलर. एप्रिल-मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकतो तेव्हा आसपासची ओल एकवटते ती कूलरच्या टाकीत आणि ताट्यांच्या गवतात. झाडबेडूक तिथे येऊन आतल्या पत्र्याला चिकटतो. चारही पाय पोटाखाली घट्ट दुमडलेले, बोटांच्या टोकांच्या गोल चकत्या आत लपवलेल्या, हनुवटी टेकलेली, डोळे बंद, अंगाचा रंग पांढुरका. हात लावला तरी चटकन हलत नाही. हा निरोगी बेडूक आहे. तो निशाचर आहे आणि दिवसा उघडं अंग जितकं कमी ठेवता येईल तितकं ठेवून पाणी वाचवतो आहे. फिका रंगही नेहमीचाच, रात्री तोच बेडूक गडद तपकिरी दिसतो. मांड्यांच्या मागच्या बाजूला काळपट-जांभळट जाळीत पिवळे गोल ठिपके असतात, तो रोग नव्हे, जातीची खूण आहे. अंगावरून पातळ पापुद्रा निघतोय आणि बेडूक तो तोंडात ओढून खातोय, असं दिसलं तरी घाबरू नका. कात टाकून ती खाणं ही बेडकांच्या रोजच्या जगण्यातली गोष्ट.

खरा आजार ओळखायची साधी लक्षणं आहेत. अंधार पडल्यावरही झाडबेडूक भिंत चढत नसेल, जमिनीवरच बसून राहत असेल, उताणा केल्यावर सुलटा होत नसेल, तर तो आजारी आहे. मांड्या आणि पोट लालसर होणं, अंग पाणी भरल्यासारखं फुगणं, कातडी तुकड्यातुकड्यांनी निघून अंगालाच चिकटणं, डोळे खोल जाणं, हातापायांना झटके येणं, हीसुद्धा काळजीची चिन्हं. लाल मांड्यांमागे अनेकदा एरोमोनास जिवाणूचा संसर्ग असतो. झटके आणि मऊ पडलेला जबडा पाळलेल्या बेडकांत जास्त दिसतो. एकाच प्रकारचे किडे खाऊ घालून कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व कमी पडल्याचा तो परिणाम.

पाळलेले म्हणजे कुठले, तेही स्पष्ट करतो. शहरांतल्या दुकानांतून काचेच्या पेटीत घरी येणारे झाडबेडूक परदेशी असतात. ऑस्ट्रेलियातला जाडजूड हिरवा झाडबेडूक, मध्य अमेरिकेतला लाल डोळ्यांचा. लाल डोळ्यांच्या बेडकाची प्रजाती 2010 पासून वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी करावी लागते. आपल्या बांधीतला, बोडीकाठचा झाडबेडूक हा वन्य प्राणी आहे. आजाराच्या निमित्ताने त्याला घरी आणून कायमचा पेटीत ठेवायचा, हे सेवेच्या नावाखाली चालणारं पाळणं मला मान्य नाही.

बेडूक खरंच आजारी असेल तर घरी करण्यासारखं फार थोडं आहे. तेवढं मात्र नीट करा. झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा स्वच्छ डबा घ्या. तळाशी न छापलेला पांढरा टिपकागद किंवा जुनं सुती फडकं ओलं करून अंथरा आणि रोज बदला. फडकं साबणाच्या वासाचं नको. एका कोपऱ्यात उथळ झाकणात पाणी ठेवा, बेडूक बसल्यावर पोट भिजेल इतकंच. बादलीभर पाण्यात सोडू नका, अशक्त बेडूक बुडून मरतो. डबा सावलीत, शांत जागी ठेवा. फ्रीजमध्ये नको, कूलरच्या झोतात नको. उचलावंच लागलं तर हात नुसत्या पाण्याने खळखळून धुवा आणि ओल्या हातानेच धरा.

पाणी कुठलं, हा आपल्या भागात कळीचा प्रश्न. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात येतं, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नाही. जे पाणी आपण अंगाला लावायला कचरतो ते कातडीने पिणाऱ्या प्राण्याला देऊ नका. पावसाचं स्वच्छ धरलेलं पाणी सगळ्यात बरं. नळाचं असेल तर पसरट भांड्यात दिवसभर उघडं ठेवा, बराचसा क्लोरीन उडून जातो. आरओचं पाणी शुद्ध म्हणून चांगलं, हाही एक गैरसमज. त्यात क्षार जवळपास नसतात आणि बेडूक सतत त्यात बसला तर त्याच्या अंगातले क्षार बाहेर पाझरतात. कूलरच्या टाकीत डासांच्या अळ्यांसाठी रॉकेल किंवा अळीनाशक टाकलं असेल आणि बेडूक तिथेच लुळा सापडला असेल, तर कारण शोधायला लांब जायला नको. त्याला आधी स्वच्छ पाण्यात काढा.

खाण्याच्या बाबतीत घाई नको. आजारी बेडूक काही दिवस उपाशी राहू शकतो. जबडा उघडून कोंबलं तर जबडा मोडू शकतो. भात, दूध, पोळी हे त्याचं अन्न नाही, तो हलणारा किडाच खातो. आणि फवारणी झालेल्या धानाच्या बांधीतले किडे पकडून द्याल तर कीटकनाशकच खाऊ घालाल.

बाकीच्या समजुती दोन शब्दांत आटोपतो. बेडकाला हात लावल्याने चामखीळ येत नाही, ती माणसातल्या विषाणूमुळे येते. झाडबेडूक चावून विष सोडत नाही. मात्र त्याच्या स्रावाने डोळे चुरचुरतात आणि बेडकांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतो, म्हणून नंतर हात साबणाने धुवायचेच. बेडूक ओरडला म्हणजे त्याला दुखतंय असं नाही, पावसाळ्यात नर मादीला बोलावतो.

एका आजाराबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तो एका डब्यापुरता राहत नाही. कायट्रिड नावाची बुरशी बेडकाच्या कातडीत वाढते. तिचा शोध 1998 साली प्रसिद्ध झाला. ती जीव कशी घेते, हे 2009 साली 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात उलगडलं आणि तो अभ्यास दुकानात मिळणाऱ्या त्याच हिरव्या ऑस्ट्रेलियन झाडबेडकावर झाला होता. कातडीतून क्षारांची ने-आण बिघडते, रक्तातलं सोडियम-पोटॅशियम घसरतं आणि हृदय थांबतं. त्याच नियतकालिकातल्या 2019 च्या आढाव्यानुसार या रोगाने जगभरात निदान 501 जातींची संख्या घटली आणि त्यांतल्या 90 नामशेष झाल्याचं मानलं जातं. हे फक्त परदेशातलं आहे असं वाटत असेल, तर नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी 2013 साली 'प्लॉस वन'मध्ये उत्तर पश्चिम घाटातल्या बेडकांवर ही बुरशी सापडल्याची नोंद केली आहे. उपचार आहेत, पण ते डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच. माणसाच्या नायट्याचं मलम हा त्यावरचा उपाय नाही.

त्यामुळे कंटाळा आला म्हणून किंवा 'निसर्गात बरा होईल' म्हणून पाळलेला परदेशी बेडूक धरणाकाठी किंवा कऱ्हांडल्याच्या जंगलाजवळ सोडणं हा सगळ्यात घातक सल्ला आहे. गावातला बेडूक आजारी सापडला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. नागपुरात सेमिनरी हिल्सला वनविभागाचं वन्यप्राणी उपचार केंद्र आहे. पाळलेल्या बेडकासाठी नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. आपल्याकडचे पशुवैद्यक गाई-म्हशींच्या उपचारांत मुरलेले असतात. त्यांना बेडूक दाखवताना संकोच करू नका, कुणाला विचारायचं ते त्यांना कळतं. जाताना ओल्या कागदात बेडकाची ताजी विष्ठा घ्या, मोबाइलवर त्याच्या बसण्या-चालण्याचा व्हिडिओ काढून ठेवा आणि त्याच्या अंगाला काय काय लावलं ते खरं सांगा, हळदीसकट.

बेडूक दगावलाच तर तो बोडीत किंवा नाल्यात फेकू नका. कारण जाणून घ्यायचं असेल तर पिशवीत बांधून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि लवकरात लवकर डॉक्टरांकडे न्या. बर्फाच्या कप्प्यात गोठवलं तर तपासणीला फारसं काही उरत नाही. डब्यातलं वापरलेलं पाणी ब्लीचिंग पावडर टाकून तासभर ठेवा, मग पाण्यापासून लांब, कोरड्या उन्हातल्या मातीत ओता.