पायऱ्यांपाशी अडलेला हक्क
मज्जारज्जूला इजा झालेला माणूस उपचारांनंतर घरी येतो आणि बहुधा घरातच अडकतो, कारण इमारत चाकाच्या खुर्चीचा विचार न करता बांधलेली असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ५ त्याला समाजात राहण्याचा हक्क देते. कलम २० नुसार सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला त्याला काढता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. पण जिन्यातच अडलेल्याने कामावर पोहोचायचे कसे? एकासाठी उतार बांधायला एवढा खर्च कशाला, हा आक्षेप मला पटत नाही. उतार वृद्धांनाही लागतो, आणि तो एकालाच लागला तरी हक्क उरतोच. २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करायला केंद्राला सांगितले.