‘एक’ या उपसर्गाची कथा

रसायनशास्त्राच्या परिभाषेंत ग्रीक व लॅटिन उपसर्ग पदोपदीं भेटतात. ‘एक’ हा उपसर्ग मात्र संस्कृत आहे. रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यानें मूलद्रव्यें कोष्टकांत मांडलीं, तेव्हां कांहीं घरें रिकामीं राहिलीं. त्यांत राहणारीं द्रव्यें पुढें सांपडतील, असें सांगून त्यानें १८७१ सालीं त्यांचे गुणधर्महि वर्तविले. ॲल्युमिनियमपासून एक घर खालीं, म्हणून ‘एक-ॲल्युमिनियम’! त्याच्या सेंट पीटर्सबर्ग नगरींत त्या सुमारास बोटलिंक व रोट यांचा संस्कृत महाकोश छापला जात होता.

१८७५ सालीं फ्रान्समध्यें बुआबोद्रां यास तें द्रव्य सांपडलें; त्यानें नांव ठेविलें गॅलियम. त्याचें विशिष्टगुरुत्व त्यानें ४.७ मोजलें. तें ५.९ च्या आसपास असलें पाहिजे, असें मेंडेलीव्हनें कळविलें. धातु पुन्हा शुद्ध करून पाहतां तें ५.९ च भरलें! ज्यानें धातु पाहिलाहि नव्हता, त्याचाच हिशेब खरा ठरला.

पुढें ‘एक-बोरॉन’चें स्कँडियम (१८७९) आणि ‘एक-सिलिकॉन’चें जर्मेनियम (१८८६) झालें. खरें नांव मिळतांच ‘एक’ गळून पडतो. अद्याप न सांपडलेल्या ११९ व्या मूलद्रव्यास मात्र आजहि ‘एक-फ्रान्सियम’ म्हणतात.