मे महिन्यासाठी बांधायचा अ‍ॅम्प्लिफायर

जबलपूरला डाखकामाची ओळख जुनी. लष्कराचं सिग्नल ट्रेनिंग सेंटर इथंच, दूरसंचार कारखानाही इथला, आणि १९४७ पासूनचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज. अशा गावात घरी अ‍ॅम्प्लिफायर जोडायला घेतला, तर माझं पहिलं सांगणं एकच: आयसी शेवटी घ्या.

सुरुवात स्पीकरपासून करावी. घरात ८ ओहमचे दोन स्पीकर पडून असतील, तर बैठकीच्या खोलीला प्रत्येकी १० वॅट भरपूर होतात. तेवढ्यासाठी १२-०-१२ व्होल्टचा, ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. खर्च करायचा तो इथं. घेताना वेटोळ्याचं उघडं टोक ब्लेडनं खरवडून बघा. लाखेखाली तांबूस चमक दिसली तर तांबं, रुपेरी दिसली तर अ‍ॅल्युमिनियम, आणि त्यावर साधा डाख धरतच नाही.

१२ व्होल्ट एसी, म्हणजे डायोड आणि कपॅसिटरनंतर भाराखाली प्रत्येक बाजूला साधारण १६ व्होल्ट डीसी. पण रात्री गल्लीतला भार उतरतो, मेन्स २४५ च्या पुढे जातं आणि गाणं हळू वाजत असतं, तेव्हा हाच आकडा १८ ओलांडतो. साध्या टीडीए २०३० या अ‍ॅम्प्लिफायर आयसीची कमाल मर्यादा नेमकी १८! म्हणून २०३०ए घ्यावा, त्याची २२ आहे. कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरडचे, ३५ व्होल्टचे, आणि ८५ नव्हे, १०५ अंशांचे.

आता हिटसिंक. इथं घाई करणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. ऐन आवाजात एक आयसी साडेसहा वॅटपर्यंत उष्णता टाकू शकतो. हिटसिंक वॅटमागे १० अंश तापणारा असेल, तर झाली ६५ अंशांची वाढ. मे महिन्यात बाहेर ४३ असताना बंद डब्यात सहज ५० होतात. आयसीच्या आतली आणि अभ्रकाच्या चकतीची भर धरली, तर आकडा १४० वर जातो, आणि १४५ च्या आसपास आयसी स्वतःला बंद करून घेतो. डिसेंबरात नीट वाजलेला अ‍ॅम्प्लिफायर उन्हाळ्यात मध्येच गप्प होतो, तो यामुळे. वॅटमागे ५ अंशांचा, जाड पंखांचा हिटसिंक घ्या आणि पंख उभे ठेवा, म्हणजे गरम हवा वर निघून जाते.

अभ्रकाची चकती विसरू नका. या आयसीचा धातूचा पाठीचा भाग ऋण पुरवठ्याला जोडलेला असतो. चकतीशिवाय तो डब्याला लागला, तर डबा अर्थला असल्यामुळे थेट शॉर्ट. मीही एकदा घाईत चकतीऐवजी नुसती पांढरी पेस्ट लावली होती; फ्यूज लगेच उडाला.

डब्यासाठी बिघडलेल्या डीव्हीडी प्लेअरचं पत्र्याचं खोकं उत्तम. ट्रान्सफॉर्मर एका टोकाला, इनपुट दुसऱ्या टोकाला, मधे शिल्डेड वायर, आणि सगळ्या ग्राउंडच्या तारा एकाच बिंदूवर आणायच्या, नाहीतर घूंऽऽ सुटते.

पहिल्यांदा वीज देताना मेन्समध्ये १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब मालिकेत लावा. क्षणभर उजळून मंद झाला, तर जोडणी बरोबर. तसाच लख्ख पेटत राहिला, तर लगेच प्लग काढा आणि चकतीपासून शोधायला लागा.