एकाच झाडांतील हलकें व भारी लाकूड

जाफराबादकडील शेतकरी बांधावरची बाभूळ किंवा सागाचें झाड तोडवितो, तेव्हां ‘लाकूड भारी आहे’ किंवा ‘हलकें आहे’ असा सबंध झाडाविषयीं एकच निकाल देतो. परंतु एका झाडाचें लाकूड सर्वत्र एकसारखें नसतें. हें ध्यानांत न घेतल्यास चांगला तुकडा जळणांत जातो आणि कमकुवत तुकडा औताला लागतो.

लाकडाचें मूळ द्रव्य सर्व झाडांत जवळजवळ सारखेंच असून तें पाण्याच्या सुमारें दीडपट जड असतें. लाकूड तरंगतें तें त्यांतील पोकळ पेशींमुळें. पेशींच्या भिंती जाड असल्या तर लाकूड भारी, पातळ असल्या तर हलकें. बुंधा सालीखालीं नवे थर घालून वाढतो. म्हणून मध्याचें लाकूड झाडाच्या बाळपणाचें व कडेचें अलीकडचें होय. एकदां पुऱ्या बनलेल्या भिंती पुढें जाड होत नाहींत.

याचा ठळक दाखला उष्ण प्रदेशांतील सदाहरित अरण्यांत मिळतो. तेथें मोठा वृक्ष पडून जागा मोकळी झाली, म्हणजे कांहीं जातींचीं झाडें प्रकाशासाठीं झपाट्यानें वर जातात. आरंभीं तीं पातळ भिंतींचें हलकें लाकूड करतात. पुढें उंची वाढून वाऱ्याचा ताण आला, कीं बाहेरून भारी लाकूड चढवितात. वीमन व विल्यमसन यांनीं १९८८ सालीं अशा झाडांतील हा फरक मोजून दाखविला. बाल्सा हें त्यांपैकींच एक. सावलींत हळू वाढणाऱ्या जातींत मात्र हा फरक थोडा असतो, कधीं उलटही असतो.

येथें एक हिशेब लक्षांत ठेवावा. बुंध्याच्या त्रिज्येच्या आंतील अर्ध्या भागांत केवळ एक चतुर्थांश लाकूड असतें. तीन चतुर्थांश बाहेरील अर्ध्यांत. समजा, आंतील लाकूड पाण्याच्या ०·३० पट व बाहेरील ०·५० पट आहे; तर सरासरी ०·४० नव्हे, ०·४५ येईल.

आपल्या झाडाची परीक्षा घरींच करतां येते. मध्यांतून व कडेजवळून सारख्या जाडीच्या दोन सरळ कांबी काढून पुऱ्या वाळवाव्या. त्यांवर दहा सारखे भाग आंखून मेण चोळावें आणि अरुंद, खोल भांड्यांतील पाण्यांत त्या उभ्या सोडाव्या. सहा भाग बुडाले तर लाकूड पाण्याच्या सुमारें सहा दशांश जड समजावें.

मात्र भारी तें टिकाऊच, असें समजूं नये. सागाच्या गडद गाभ्यांत कीड व कुज यांस रोखणारीं द्रव्यें सांठतात. कडेच्या पांढऱ्या लाकडांत तीं नसतात, म्हणून तें वजनानें फारसें कमी नसतांही लवकर पोखरलें जातें. यास्तव ताण सोसणाऱ्या दांड्यासाठीं वजन पाहावें आणि जमिनींत पुरावयाच्या खांबासाठीं गाभा पाहावा. सुताराला झाड दाखवितांना या दोन गोष्टी निरनिराळ्या तपासल्या, तर एकाच बुंध्यांतील प्रत्येक तुकडा योग्य कामीं लागेल.