कोशर
कोशर म्हणजे यहुदी धर्मशास्त्रानुसार सेवनास योग्य ठरलेले अन्न होय. या हिब्रू शब्दाचा अर्थ 'योग्य' असा असून, आहारविषयक नियमसंहितेस 'कश्रुत' म्हणतात. कोशर ही स्वतंत्र पाकपरंपरा नव्हे. तसेच धर्मगुरूच्या (रब्बीच्या) आशीर्वादाने अन्न कोशर होते, हा समजही चुकीचा आहे. पदार्थ कशापासून बनला, कसा सिद्ध झाला आणि कशाच्या संपर्कात आला, यांवर त्याची योग्यता ठरते.

योग्य व वर्ज्य प्राणी
याविषयीचे मूळ नियम तोराहमधील 'लेवीय' (अध्याय 11) व 'अनुवाद' (अध्याय 14) या ग्रंथांत आहेत. रवंथ करणारे आणि दुभंगलेले खूर असलेले पशू योग्य मानले जातात. दोन्ही लक्षणे आवश्यक असतात. गाय, शेळी, मेंढी व हरीण योग्य ठरतात. डुकराचे खूर दुभंगलेले असले तरी ते रवंथ करीत नाही, म्हणून ते वर्ज्य आहे. जलचरांपैकी पर व खवले असलेले मासेच चालतात; कोळंबी, खेकडा व कालवे वर्ज्य आहेत. वर्ज्य प्राण्यांचे दूध व अंडीही निषिद्ध असतात. मध मात्र अपवाद आहे. तो मधमाशीचा स्राव न मानता फुलांतील रस मानला जातो.

मांसाची सिद्धता
योग्य पशुपक्ष्यांचा वधही विहित पद्धतीने करावा लागतो. तीस 'शेखिता' म्हणतात. प्रशिक्षित 'शोखेत' दाते न पडलेल्या, अत्यंत धारदार सुरीने न थांबता गळा कापतो. रक्त निषिद्ध असल्याने मांस साधारणतः अर्धा तास पाण्यात व एक तास मिठात ठेवून धुतात. या कामी वापरल्या जाणाऱ्या जाड्या मिठास त्यावरूनच 'कोशर मीठ' हे नाव पडले. माशांना हे नियम लागू नाहीत.

दूध आणि मांस
करडास त्याच्या आईच्या दुधात शिजविण्याची मनाई तोराहमध्ये तीन वेळा आली आहे. तिच्या आधारे मांस व दुग्धजन्य पदार्थ एकत्र शिजविणे वा खाणे निषिद्ध ठरले. त्यांची भांडीही वेगळी असतात. मांसाहारानंतर दुग्धजन्य पदार्थ खाण्यापूर्वी अनेक समाजांत सहा तास थांबतात. धान्ये, फळे, भाज्या, अंडी यांसारखे दोहोंत न मोडणारे पदार्थ 'पारेवे' म्हणून ओळखले जातात.

घटक व प्रमाणीकरण
फळे व भाज्या मुळात कोशर असतात. मात्र कीटक वर्ज्य असल्याने त्या निवडून घ्याव्या लागतात. कारखान्यातील पदार्थांबाबत निर्णय अधिक कठीण होतो. चीजमधील रेनेट, मिठाईतील जिलेटिन किंवा कीटकांपासून मिळणारा कार्माइन हा लाल रंग अल्प प्रमाणात असूनही पदार्थ अयोग्य ठरवू शकतो. त्यामुळे प्रमाणन संस्था घटकांसह यंत्रसामग्रीचीही तपासणी करून वेष्टनावर 'हेखशेर' हे चिन्ह छापण्यास अनुमती देतात. मनुष्याचा जीव धोक्यात असल्यास मात्र हे आहारनियम बाजूस ठेवले जातात.

महाराष्ट्रातील बेने इस्रायल
कोकणातील बेने इस्रायल समाजाने यांतील काही नियम पिढ्यान्‌पिढ्या जपले. समाजाच्या परंपरेनुसार, डेव्हिड रहाबी यांनी स्त्रियांपुढे विविध मासे ठेवले असता त्यांनी पर व खवले असलेलेच निवडले. त्यावरून त्यांचे यहुदीपण ओळखले गेले. या समाजाच्या मांसाच्या रश्श्यात दुधादह्याऐवजी नारळाचे दूध वापरले जाते. कोकणच्या चवीतही कश्रुताचा नियम अशा प्रकारे पाळला जातो.