टेम्पोत चढताय? आधी हे वाचा!

ट्रेकहून परतताना शेवटची एसटी चुकते, मागून टेम्पो येतो आणि अख्खा ग्रुप हौद्यात! धमाल येते, पण अपघात झाला तर? भरपाईच्या बाबतीत कार आणि ट्रक-टेम्पो यांत मोठा फरक आहे.

रस्त्याने चालताना धडक बसली, तर गाडी कुठलीही असो, तिचा थर्ड पार्टी विमा कामी येतो. फरक पडतो तो आत बसलेल्यांना. मित्राच्या कारची पॅकेज पॉलिसी असेल, तर आतल्या जखमींची भरपाई विमा कंपनी देते. मालवाहू गाडीत मात्र हे कवच मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांच्यापुरतंच. लिफ्ट घेणाऱ्यांना नाही. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये आशा राणी खटल्यात हे स्पष्ट केलं. म्हणजे भरपाई मागायची ती गाडीमालकाकडे. आता एकाच टेम्पोवर घर चालवणारा माणूस लाखो रुपये आणणार कुठून?

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. कायद्यात त्याला सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून एफआयआर आणि हॉस्पिटलची बिलं जपून ठेवा. आणि एसटी चुकलीच, तर मुक्काम वाढवा; हौदा नको.