गेलेले ब्रेक परत आले तेव्हा
(गाडी समजून घेताना : भाग 11)

एबीएस या आठवड्यात घेणार होतो, पण ते थांबू दे. खोडदच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय आणि ते मला बाजूला ठेववत नाही.

माळशेज घाट उतरून कल्याणला निघालेलं कुटुंब. गाडीत पाच माणसं, डिकी सामानाने भरलेली. अर्धा घाट उतरल्यावर पॅडल मऊ पडलं आणि पुढच्याच वळणाआधी थेट तळाला टेकलं. यजमानांनी हँडब्रेक ओढत ओढत गाडी डोंगराच्या कडेच्या मातीत घातली आणि ती थांबली. अर्ध्या तासाने सहज पाय देऊन पाहिलं, तर ब्रेक पहिल्यासारखे! कल्याणला गॅरेजमध्ये दाखवलं. गळती कुठे नाही, पॅड चांगले, ब्रेक ऑइलची पातळी पूर्ण. मिस्त्री म्हणाले, गाडीत काही दोष नाही. ताईंचा प्रश्न असा, की मग घाटात झालं काय?

ताई, तुमच्या गाडीतलं ब्रेक ऑइल उकळलं असणार. तुम्ही सांगितलेली सगळी लक्षणं त्याचीच आहेत.

दरवर्षी 28 फेब्रुवारीला तुमच्याच गावी, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात, विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरतं. शाळेतली मुलं अशा प्रदर्शनांसाठी दोन सिरिंज, मध्ये नळी आणि नळीत पाणी घेऊन जेसीबी करतात, तो आठवा. एक दट्ट्या दाबला की दुसरा तेवढाच सरकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. आता नळीत हवेचा मोठा बुडबुडा राहू द्या. पहिला दट्ट्या आत जातो, बुडबुडा आक्रसतो आणि दुसरा दट्ट्या जागचा हलत नाही. ब्रेक ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, आणि ती वाफ म्हणजे हाच बुडबुडा. गेल्या आठवड्यात पाहिलं की ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये दोन स्वतंत्र भाग असतात, एक गळला तर दुसरा तारून नेतो. पण पुढचं एकेक चाक एकेका भागावर असेल आणि दोन्ही सारखीच तापली, तर वाफ दोन्ही भागांत होते. ती सोय इथे अपुरी पडते.

एवढी उष्णता येते कुठून, याचा हिशेब मला फार आवडतो. माणसांसकट 1,200 किलोची गाडी 500 मीटर खाली उतरली असं धरू. उंचीमुळे तिच्यात असलेली सुमारे 59 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. तेवढ्या ऊर्जेत साध्या तापमानाचं 17-18 लिटर पाणी उकळीला येतं. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरलात, तर यातला मोठा वाटा चाकांजवळच्या त्या चार छोट्या जागांत जिरवावा लागतो. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात, तर त्यातलं बरंच काम इंजिन स्वतःकडे घेतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. रबरी नळ्यांमधून आणि टाकीच्या झाकणातून ओलावा हळूहळू आत येतच राहतो. नवं डॉट 3 ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट 4 निदान 230 पर्यंत. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की मानकातल्या या मर्यादा 140 आणि 155 वर येतात. आणि पातळी? ती पूर्णच दिसते. बहुतेक लोक, आणि पुष्कळ गॅरेजवालेही, फक्त पातळी पाहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इंजिन ऑइल वेळेवर बदलणारी घरं ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं तेच ठेवतात. ते साधारण दोन वर्षांनी पूर्ण काढून, हवा काढून, नवं भरायचं असतं. नेमकी मुदत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते.

गाडी उभी राहिल्यावर चाकं निवली, वाफेचं पुन्हा द्रव झालं, पॅडल परत आलं. म्हणून मिस्त्रींना काही सापडलं नाही. ऑइल बदलल्याशिवाय त्या गाडीने परत घाट उतरू नका.

तुमच्या यजमानांनी हँडब्रेक वापरला ते अगदी बरोबर केलं. बहुतेक घरगुती गाड्यांत तो तारेवर चालतो, तेलाशी त्याचा संबंध नसतो. फक्त झटक्यात ओढायचा नाही. बटण अंगठ्याने दाबून धरायचं आणि थोडा थोडा ओढायचा, म्हणजे मागची चाकं घसरू लागली तर लगेच सैल करता येतो. त्याच्याही आधी पॅडल भराभर पंप करायचं, पुष्कळदा थोडा दाब परत येतो. बरोबरीने एकेक करत गिअर खाली. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू. डोंगर डाव्या हाताला असेल तर त्याला घासत गाडी थांबवायची. पत्रा गेला तर जाऊ दे. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर बटण ओढून धरून ठेवायचं.

चावी मात्र बंद करायची नाही. इंजिन गेलं की पायाचा जोर वाढवणारा बूस्टर जातो, एक-दोनदा दाबल्यावर पॅडल दगडासारखं होतं, आणि चावी काढली तर स्टिअरिंगही अडकतं. 20 नोव्हेंबर 2022 ला नवीन कात्रज बोगद्याकडून उतरलेल्या ट्रकने पुण्यातल्या नवले पुलाजवळ गाड्यांची रांगच्या रांग उडवली. सुरुवातीला ब्रेक फेल झाल्याचं सांगितलं गेलं. नंतर पोलिसांनी सांगितलं, की चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडली होती. डिझेल वाचवायची ही सवय घरगुती गाड्यांतही आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत तर त्याने काहीच वाचत नाही: गिअरमध्ये, अॅक्सिलरेटरवरून पाय काढून उतरताना इंजिनला इंधन जवळजवळ बंदच असतं. इंजिन बंद न करता न्यूट्रलवर सोडलीत, तर मात्र ते चालू ठेवायला इंधन जळत राहतं.

ताईंनी शेवटी विचारलंय, की आता घाटाने जावं का? जरूर जा. आधी ऑइल बदला. घाटमाथ्यावरच दुसरा गिअर टाका, ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअल. ब्रेक सलग दाबून धरू नका. थोडा जोरात लावा, वेग उतरला की सोडा. पॅडल जरा जरी मऊ लागलं, तरी मिळेल त्या रुंद जागी थांबा.

वर पॅडल पंप करायला सांगितलं. एबीएसच्या गाडीत एरवी पंप करायचं नाही, असंही तुम्ही ऐकलं असेल. दोन्ही बरोबर आहेत, आणि पुढच्या आठवड्यात सुरुवात तिथूनच करू.